मानेने दिलेला होकार

फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका आजींचं बी.पी. बघत होते. पलीकडून शबाना बोलत होती, हवालदारांची मोठी मुलगी. "म्याडम, अब्बा गेले. जेवले, जरा पडतो म्हणले, आन उठलेच नाई." खरं लिहायचं तर दुःखाच्या आधी मला हायसं वाटलं. कुणी गेल्याची बातमी ऐकून हायसं वाटावं, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण बाराच दिवसांपूर्वी मी धामणगाव बढ्याला त्यांच्या घरी जाऊन आले होते, आणि नऊ वर्षं जे बोलायचं टाळत होते ते बोलून आले होते. आणखी दोन आठवडे टाळलं असतं, तर ते ओझं जन्मभर माझ्याच उरावर राहिलं असतं.

हवालदार म्हणजे युसूफ हवालदार. फौजेत सतरा वर्षं नर्सिंग असिस्टंट होते, म्हणजे जखमी जवानाला पहिला हात लावणारा माणूस. निवृत्त होऊन गावी आले आणि मोताळ्याच्या रुग्णवाहिकेवर चालक म्हणून लागले. त्याच गाडीवर मी डॉक्टर होते. वय सव्वीस, पदवी नवी, आवाज बारीक. नियम असा की चालकाने गाडी चालवायची आणि पेशंटला डॉक्टरनेच हात लावायचा. म्हणजे ज्याने बर्फात जखमा बांधल्या त्याने स्टिअरिंग धरायचं, आणि जिने त्या बहुतेक पुस्तकातच पाहिल्या तिने मागे बसायचं. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. उलट पहिल्याच दिवशी मी त्यांना तो नियम वाचून दाखवला. "हाव म्याडम," म्हणाले आणि गाडीची काच पुसायला गेले.

फौजेतलं शिक्षण कसं असतं हे मला त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं, बहुतेक वेळा गाडी उभी असताना, चहा पिताना. शिकाऊ पोरं सुई टोचायला एकमेकांच्या दंडावरच शिकत. पिशवीतली कुठली पट्टी कुठे आहे हे डोळे बांधून, नुसत्या हाताने ओळखायला लावत. मला कॉलेजात आधी श्वास बघायला शिकवलं होतं. त्यांना आधी वाहतं रक्त थांबवायला. यावरून आमची चांगलीच जुंपायची. पण मोताळ्यात आल्यावर त्यांचीही फजिती कमी झाली नाही. "म्याडम, फौजेतला पेशंट कसा, बावीस वर्साचा, धडधाकट, रक्ताच्या गटाचा बिल्ला गळ्यात लटकेल. इथं इचारलं का उमर किती, त म्हनते असंल साठ-सत्तर. गोळी कोनती, त म्हनते पांढरी." नातेवाईक तर त्यांच्या शिक्षणात कुठे नव्हतेच. एका पेशंटमागे नऊ जण गाडीत चढले, तेव्हा त्यांनी कवायतीच्या आवाजात "पीछे हट" असा हुकूम सोडला. ते खरोखर मागे हटले, आणि तासाभरात सरपंचांचा मला फोन आला. आणि बाळंतपण! सतरा वर्षं ज्याने तुटलेली हाडं पाहिली तो माणूस, गाडीत बाई बाळंत होऊ लागली तेव्हा रस्त्याच्या कडेला पाठ करून उभा राहिला आणि घामाने चिंब झाला. बाळ रडल्यावर म्हणाले, "म्याडम, आमच्या टरेनिंगमधी हे नव्हतं." त्या दिवसापासून ते मला मानू लागले, असं मला वाटतं. मी त्यांना मानायला मात्र जरा उशीर केला.

ती घटना सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतली. सकाळी अकराच्या सुमारास फोन आला, मोताळ्याच्या जवळच एका शेतात मळणीयंत्रात एकाचा हात गेला म्हणून. पोचलो तर चोवीस वर्षांचा गजानन ताडपत्रीवर पडलेला, कोपराच्या खाली हात म्हणावा असं फारसं काही उरलेलं नव्हतं, आणि रक्त... मी पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. पुस्तकात काय लिहिलंय ते सगळं आठवत होतं, हात उचलवत नव्हता. हवालदार गाडीतून उतरून माझ्या शेजारी आले. हातात दंडाला आवळायचा पट्टा. त्यांनी हळूच विचारलं, "बांधू का, म्याडम?" तोंडातून शब्द फुटेना. मी मान हलवली. पुढच्या मिनिटभरात रक्त थांबलं होतं.

असा पट्टा फार वेळ ठेवून चालत नाही, म्हणून तो कधी बांधला याला फार महत्त्व. फौजेत ती वेळ जखमीच्या कपाळावरच लिहितात. कागद हरवतो, कपाळ हरवत नाही. हवालदारांनी मार्करने गजाननच्या कपाळावर वेळ लिहिली आणि गाडी हाणली. मागे मी आणि गजाननची आई, सुमनबाई. वेळ कपाळावर आहेच, म्हणून मी कागदावरचा रकाना कोरा सोडला आणि सलाईन लावण्यात गुंतले. मान वर केली तर सुमनबाई ओल्या पदराने पोराचं कपाळ घासून पुसत होत्या. आकडे गेले होते, तिथे अंगारा लागला होता. "अहो, हे काय केलं?" मी ओरडले. त्या म्हणाल्या, "जित्या मानसाच्या कपाळावर नंबर टाकता का, बाई? सटवीनं लिहेल पुसता येत नाई, हे त पुसू द्या." पंचनाम्याच्या वेळी मेलेल्यावर नंबर टाकतात, तसलं काहीतरी त्यांना वाटलं होतं. कोणत्या फौजेला हे शिकवता आलं असतं?

ते आकडे मी नीट वाचलेही नव्हते. दवाखान्यात पोचल्यावर हवालदारांनी वेळ तोंडी सांगितली, पण चालकाचं तोंडी कोण धरतो. कागदावर 'वेळ अज्ञात' असं पडलं. गजानन वाचला, हात कोपराखाली काढावा लागला. त्याच्या मामाने तक्रार केली, की पट्टा जास्त वेळ राहिला म्हणून हात गेला, आणि तो बांधला कुणी तर चालकाने. चौकशी लागली. मला लेखी विचारलं, पट्टा कोणी बांधला, कोणाच्या सांगण्यावरून. मी लिहिलं, 'चालकाने बांधला. मी सूचना दिली नव्हती.' शब्दशः ते खरंच होतं. तोंडाने मी काहीच बोलले नव्हते.

त्यांना गाडीवरून काढलं. ते गावी जाऊन शाळेची बस चालवू लागले. जाताना मला भेटायला आले, गाडीत कुठलं सामान कुठे ठेवलंय ते दाखवलं, आणि गेले. पुढे तज्ज्ञ डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की हात यंत्रातच चिरडला होता, पट्टा नसता तर पोरगा रस्त्यातच गेला असता. तोवर चौकशीची फाईल बंद झाली होती आणि ती उघडायला लावायची हिंमत मी केली नाही. मी नंतर स्वतःचा दवाखाना टाकला. धामणगावचा पेशंट आला की मी त्याला घर कुठलं हे विचारत नसे, न जाणो हवालदारांच्या शेजारचा निघायचा.

शेवटी मी त्यांच्याकडे गेले, ते त्यांच्या हृदयाचं दुखणं वाढल्याचं कानावर आलं म्हणून. हवालदार बाजेवर बसले होते, वाळलेले, पण दाढी नीट केलेली. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. मान हलवली होती, आणि ते लिहिलं नाही. ते हसले. "म्याडम, म्याबी नाई लिहेल. मले इचारलं त म्या सांगतलं, म्याडमनं काईच सांगतलं नाई, माह्या मनानंच बांधला." मी विचारलं, "काऊन पण, हवालदार?" "दोन जखमी अन् एकच स्टेचर असली, त ज्याचं काम पुढं चालनार त्याले आधी उचलाव. फौजेत हेच शिकवते. डायवर दुसरा भेटते म्याडम, बाळंतपन करनारी डाक्टरीन कुठून आनता?" मला रडू आवरेना. त्यांनी चहा पुढे सरकवला आणि मग जरा कडक आवाजात म्हणाले, "पन मले काय सांगता, मले त मालूमच व्हतं. ज्याइले मालूम नाई त्याइले सांगा."

हवालदार गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी दुआ होती, तेव्हा मी गेले. त्यांच्याच खोलीत बायका बसल्या होत्या, बाज उभी करून भिंतीला टेकवलेली. शबानाच्या शेजारी सुमनबाई होत्या, पार म्हाताऱ्या झालेल्या. बाहेर गजानन एका हाताने खुर्च्या मांडत होता. मी त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, "सुमनबाई, पट्टा बांधायला होकार माझा होता. हवालदारांनी मला विचारलं होतं. मी ते लिहून दिलं नाही, म्हणून त्यांची नोकरी गेली."

त्या म्हणाल्या, "लिहेल त म्याबी पुसलं व्हतं, बाई. त्याइनं मले कधी बोल लावला नाई." पदराने तोंड पुसलं, आणि माझा हात हातात घेतला. "रोज सांजीले दिवा लावतो, त पोराच्या जिवासाठी त्या एकट्याचंच नाव घेतो मी. नऊ वर्सं झाले. दुसरं कोनी व्हतं हे मालूमच नव्हतं..." मग त्यांनी विचारलं, "तुमचं नाव का हाये?"

मी सांगितलं, आडनावासकट. त्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं.