अक्का ब्लॉग का लिहायची

“मावशी, मॅडम उठंनात...” लातूरहून आरतीचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत निघायच्या गडबडीत होते. आरती म्हणजे कुसुमअक्काच्या घरी राहून मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणारी शिरूर अनंतपाळची मुलगी. ती पुढं काय बोलली ते मला कळलंच नाही. पायाखालची फरशी हलल्यासारखी झाली आणि मी दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिले. अक्काचं हृदय झोपेतच बंद पडलं होतं. त्याला आता महिना होत आला.

अक्का माझी मावसबहीण. लातूरकडच्या त्र्याण्णवच्या भूकंपात तिचे आईवडील, धाकटा भाऊ, घर, सगळं एका पहाटेत गेलं. ढिगाऱ्यातून काढलेल्या त्या बारा वर्षांच्या पोरीला माझ्या आईनं नांदेडला आणलं. कित्येक महिने ती अंगणातच झोपायची. छताखाली ये म्हटलं की थरथर कापायची, आणि तिला बघून मलाही भिंतींची भीती वाटायला लागली. घरातला एकही फोटो सापडला नव्हता. एकदा जेवता जेवता हातातला घास तसाच ठेवून ती म्हणाली, “आईच्या हनुवटीवरचा तीळ उजवीकडं होता का डावीकडं... मला आठवंना गं.” तिचा तेव्हाचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढं ती लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागली. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. मी तिला ब्लॉग उघडून दिला, तेव्हा तिनं एकच विचारलं, “हे लिहिलेलं राहतं कुठं?”

“लांब, परदेशात कुठंतरी.”

“मग बरं हाय. हितलं घर पडलं तरी ते पडायचं न्हाई.”

तिनं पहिली ओळ लिहिली, ‘आईच्या हनुवटीवर तीळ होता. बाजू आठवत नाही.’ मग आईची अंबाडीची भाजी, वडिलांचं खाकरणं, भावाचं बोबडं बोलणं... विसरून जायच्या आत जमेल तेवढं ती लिहीत राहिली.

एका दुपारी क्लास चालू असताना जमिनीतून गुरगुर आवाज आला. अक्कानं शिकवणं टाकून सगळ्या पोरांना खाली रस्त्यावर आणलं. धक्का किरकोळ होता, कुठं तडाही गेला नाही. पण तिनं ब्लॉगवर लिहिलं, ‘आज मी पोरांसमोर घाबरले.’ क्लासचे मालक भडकले. “मॅडम, पालकांचे फोन यायलेत. ते आधी काढा, न्हाईतर उद्यापासून येऊ नका.” नोकरीच्या धास्तीनं ती काढणारच होती. तेवढ्यात त्याखाली एका मुलीनं लिहिलं, ‘मॅडम, मला जमिनीची नाही, निकालाची भीती वाटते. घरी सांगता येईना. जगूच नये वाटतं.’

अक्काचा मला फोन आला. “हे मी पुसलं तर ही पोरगी कुणाला सांगंल गं?”

तिनं पुसलं नाही. खाली घरचा पत्ता लिहिला, ‘मी घरीच हाय. आत्ता ये,’ आणि दारात बसून राहिली. दिवेलागणीला ती मुलगी आली, तीच ही आरती. नोकरी गेलीच. अक्का घरी शिकवण्या घेऊ लागली आणि आरतीला तिनं आपल्याजवळच ठेवून घेतलं.

तेराव्याच्या दुपारी पाहुणे पांगल्यावर मी साडी बदलायला अक्काच्या खोलीत गेले. दार लावलं, कडीसाठी हात वर केला... कडी नव्हती, नुसती स्क्रूची भोकं. न्हाणीघर बघितलं, त्यालाही नाही. “कड्या कुठं गेल्या गं?” मी विचारलं तशी बाहेरून आरती म्हणाली, “मॅडमनी सगळ्या काढून टाकल्यात, मावशी. कुणी आत अडकलं तर, म्हणायच्या.”

मी दार नुसतं लोटून घेतलं, आणि छतावरची नजर न काढता साडी बदलली.