वळणावरचे गज

रेलिंगच्या कारखान्यात त्यांना सगळे आखणीकाका म्हणत. चाळीस वर्षांत हजारो लोखंडी पट्ट्या त्यांच्यासमोर वाकल्या, काका काही वाकले नाहीत. कुणी खूण चुकवली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

कारखान्याचा मालक असलेला त्यांचा भाऊ वारला आणि कारखाना पुतण्याकडे आला. पहिल्याच महिन्यात त्याने आखणीच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि काकांचं अंतर मोजायचं कर्कटक भंगारात घातलं. "खुणा आता प्रोग्रॅम करेल. तुम्ही गेटवर बसा." काका दोन दिवस धड जेवले नाहीत. पुतण्याला मात्र त्यांनी ते कळू दिलं नाही.

मग एका बालवाडीचं काम आलं. वरच्या मजल्यावरची नागमोडी गॅलरी, तिला काठाने उभे गज. पुतण्याने स्क्रीनवर तो वळणदार काठ वरून दिसतो तसा काढला, खालच्या सरळ रेषेचे ऐंशी सारखे भाग केले आणि प्रत्येक भागाच्या बरोबर वर, वळणावर, एकेक ठिपका ठेवला. मशीनने पट्टीत तिथे भोकं पाडली, कारखान्यातच गज उभे राहिले. दुसऱ्या दिवशी रेलिंग बसवायचं होतं.

काकांना ते गेटवरूनच खुपलं. काठ सरळ जात होता तिथे गज खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि काठ एकदम बाहेर वळत होता तिथे विरळ.

"वळणावर फटी पडल्यात," ते म्हणाले.

"अंतर सारखं आहे, कॉम्प्युटरने मोजलंय. डोळे तपासून घ्या."

"तू खालच्या रेघेचे सारखे भाग केलेस, वळणाचे नाही. वळणावरून जास्त चालावं लागतं, एवढंही कळत नाही?"

"काका, गेटवर बसून उंटावरून शेळ्या हाकू नका."

"गेटवर बसवलं कुणी?"

पुतण्याने पाठ फिरवली. 

दुपारी पुतण्याची बायको डबा घेऊन आली, सोबत चार वर्षांची लेक. ती त्याच बालवाडीत जायची. काकांनी तिचा चेंडू घेतला आणि वळणावरच्या दोन गजांमधून पलीकडे सोडला. "जा, आण."

पोर अंग तिरकं करून फटीतून सहज पार झाली. "आजोबा, आणला!"

काका पुतण्याकडे वळले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आज पलीकडे जमीन आहे."

पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दाखवायला माझीच मुलगी सापडली?"

"दुसऱ्याची असती तर तू ऐकलं नसतंस."

मग पुतण्या दात आवळून म्हणाला, "काय करू?"

"खालची रेघ सोड. वळणावरूनच चाल, मुंगीच्या पावलांनी, प्रत्येक पाऊल बेरजेत धरत. चार बोटं भरली की ठिपका ठेव आणि पुढे चाल."

पुतण्या कीबोर्ड बडवत प्रोग्रॅम बदलत राहिला. स्क्रीनवर ठिपके वळणभर सारखे पसरले. पहिल्यापेक्षा ते बरेच जास्त भरले.

"तपासता?" त्याने न बघताच विचारलं.

"कशाने? कर्कटक भंगारात आहे."

"नवं आणतो."

"आण. तोवर नवं रेलिंग माझ्या चार बोटांनी मोजल्याशिवाय बाहेर जाणार नाही," काका म्हणाले. "गेटवर मीच बसतोय."