मामांवरचा तो लेख

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज लिहितेय — भीती वाटतेय, आणि खरं सांगू? आनंदही होतोय.

माहेर माधवनगरचं. वडील यंत्रमागावर. वीज गेली की माग बंद, माग बंद की मजुरी बंद. त्या आठवड्यात आमटीत डाळ शोधावी लागायची. पण वीज नसली की वडील घरी असायचे, आणि राजकारणावर आमचं कडाक्याचं जुंपायचं! मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेले. प्रत्येक मुद्दा ओरडून मांडावा लागायचा. त्या घरातली पहिली पदवीधर मी. अभिमान आहे, लपवत नाही.

लग्न होऊन कडेगावला आले. इथंही जेवताना राजकारणच — पण पुरुषांचं. एकदा साखर कारखान्याच्या निवडणुकीवर मी तोंड उघडलं. सासरे — मी त्यांना मामा म्हणते — हसून म्हणाले, "सूनबाई, आमटी आण जरा." संपलं माझं मत.

म्हणून ब्लॉग. लोक ब्लॉग का लिहितात, विचारतात ना? मला तरी एकच कारण माहीत आहे — पोटात मत असतं आणि पंगतीत जागा नसते. टोपणनाव घेतलं, पुरुषाचं वाटेल असं. दुपारी सगळे रानात गेले की मोबाईलवर लिहायचे. काय सांगू ती मजा! एका अनोळखी माणसानं खाली लिहिलं, ‘साहेब, पटलं.’ साहेब! मी चुलीपुढं एकटीच हसत सुटले.

मग तो लेख लिहिला. घरात उसाच्या दरावरून संचालकांना शिव्या घालणारा एक शेतकरी — आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत ठराव वाचून व्हायच्या आत "मंजूर!" म्हणून सगळ्यांत आधी ओरडणाराही तोच. नाव नव्हतं. पण बोलताना कपाळावर चष्मा ढकलायची मामांची सवय मी जशीच्या तशी लिहिली होती. गावात कोण ओळखणार नाही? लेख मोबाईलवरून मोबाईलवर फिरला. टपरीवर मामा दिसले की पोरं "मंजूर!" ओरडायची. मामांनी टपरीवर जाणं सोडलं.

संशय गेला धाकट्या दिरावर. महेशभावजी विरोधी पॅनेलचे, तोंडानं फटकळ.

"आवं, म्या न्हाई लिवलं," ते म्हणाले, "पर लिवलंय ते खरं हाय!"

त्या दुसऱ्या वाक्यानं घात केला. मामांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भावजी साताऱ्याला कंपनीत लागले. सणाला येतात, तेही मामा रानात असताना. आईला भेटतात आणि निघतात.

आणि मी? मी पंगतीत ताटं वाढत राहिले. भीती होती का? होती — पण ती अर्धीच गोष्ट. वाचणारे वाढत होते, मला नशा चढली होती. कबूल केलं तर लिहिणं बंद होईल, हे कळत होतं.

याहून वाईट सांगते. एकदा भावजी आले, तर त्यांच्या मित्रानं दारातच पाठ थोपटली — "गड्या, लय भारी लिवलंस रं!" भावजी नुसतं हसले. नाही नाही म्हणून दमले असतील. तेव्हा मला काय बोचलं? बापलेकांचा अबोला? नाही. माझ्या लेखाचं कौतुक दुसऱ्याला मिळालं, ते बोचलं.

तो लेख महेशभावजींनी लिहिलेला नाही. मी लिहिला. चष्म्यासकट, शब्दन् शब्द.

मामा आत्ता बाहेर सोप्यात बसलेत. हे आधी त्यांच्या मोबाईलवर पाठवते, मग भावजींच्या, आणि मग इथं टाकते. टोपणनाव काढलं आहे. ब्लॉगवर आता माझं नाव आहे — सुनंदा.