बेटाबेटांवर भरणारा वर्ग

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्याकडे तर ते फेरीबोट रद्द झाली की आपोआप जमायचे! धक्क्यावरच्या वेटिंग रूममध्ये माणसं अडकलेली, चहाचं मशीन बिघडलेलं, बाहेर उभं राहू न देणारा वारा. बोलण्याखेरीज करणार काय? अशी काही वर्षं मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर काढली. त्यामुळे आता इकडे लंडनला, हॅरोत कोणाकडे जमलो, की जेवणं झाल्यावर फर्माईश येतेच, "मेधा, तुझ्या त्या बेटांवरचं सांग की!"

मी तिथल्या युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. लीड्सला पीएच.डी. संपवली आणि पहिली नोकरी मिळाली ती ही. युनिव्हर्सिटी एकच, पण पाच बेटांवर विखुरलेली. ऑफिस एका बेटावर, लॅब दुसऱ्यावर, तिसरीकडे नुसतीच बंद पडलेल्या शाळेतली एक खोली. सगळ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, आणि नशीब असेल त्या दिवशी फेरी.

मैत्रिणीच्या मुलीनं, हॅरोतच जन्मलेल्या रियानं, एकदा विचारलं, "मावशी, तुझा युनिव्हर्सिटी बुडत नाही का?"

तिचं व्याकरण दुरुस्त करणार होते. मग म्हटलं, राहू दे. प्रश्न बरोबर होता!

* * *

आमच्या कॅम्पसचा प्रमुख होता मर्डो. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, आणि बोलायला अतिशय कंजूष. माझा इंटरव्ह्यू त्यानंच घेतला. मी रात्र रात्र जागून थीसिसची तयारी करून गेलेले.

मर्डोनं माझे कागद बाजूला सारले आणि विचारलं, "बोट लागते का?"

मी म्हटलं, "कधी बसलेच नाहीये."

"आज कशी आलीस मग?"

"बोटीनंच."

"उलटी झाली?"

"नाही."

"मग सोमवारपासून ये," मर्डो म्हणाला. झाला इंटरव्ह्यू!

* * *

आमच्या व्हिडिओ कॉन्फरन्सचा एक नियम होता. ज्याचा आवाज, त्याचं चित्र. जो बोलेल त्याचा चेहरा सगळ्या बेटांवरच्या पडद्यावर आपोआप यायचा. त्यामुळे कोणी शिंकलं तरी पाच बेटं त्याच्याकडे बघायची!

सगळ्यात छोट्या बेटावर एकच विद्यार्थिनी होती, जीन. वय सत्तरीच्या घरात, समुद्रविज्ञानाची डिग्री करत होती. तिकडे सगळेच एकमेकांना नावानं हाक मारतात, पण माझी जीभ रेटायची नाही. तोंडानं 'जीन' म्हणत असले तरी मनात 'अहो जीनआजी'च! एकटीसाठी ती शाळेची खोली उघडायची, हीटर लावायची आणि कोट न काढता बसायची. सोबतीला तिचा म्हातारा कुत्रा असायचा.

एकदा प्रॉबेबिलिटी शिकवताना मी विचारलं, "कोणाला काही शंका?"

कुत्र्यानं जोरात जांभई दिली. पाचही बेटांवर तोच दिसला.

"त्याला कळलंय," जीनआजी म्हणाल्या, "मला परत सांग."

* * *

एका वर्षी परीक्षेच्या दिवशी धुकं उतरलं. निम्मी मुलं फेरीवर, त्यांच्याबरोबर पेपर घेऊन मर्डोही, आणि फेरी बंदराबाहेर थांबून राहिलेली. मर्डोनं थोडा वेळ वाट पाहिली, मग कॅप्टनला गाठलं. कॅफेटेरिया रिकामा करवला आणि तिथेच पेपर वाटले!

स्पीकरवरून कॅप्टनची घोषणा झाली, "प्रवाशांनो, खाली परीक्षा चालू आहे. ज्यांना उलटी होत असेल त्यांनी कृपया आवाज न करता करावी."

त्या वर्गात कॅलम नावाचा मुलगा होता. लाल केस, कायम खिदळणारा. त्याच्या उत्तरपत्रिकेत एक वाक्य अर्धवट सुटलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, "सॉरी, लाट आली!"

मी त्या लाटेला पूर्ण मार्क दिले.

* * *

त्याच हिवाळ्यात कॅलम गेला. घरी परतताना बर्फावर गाडी घसरली. रस्ता रोजचाच, अगदी पायाखालचा.

पुढच्या तासाला मर्डो आमच्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या स्टुडिओत येऊन उभा राहिला. म्हणाला, "दोन मिनिटं शांत राहू या." सगळ्या बेटांवर सगळे उभे राहिले.

पण आमचं मशीन! त्याला शांतता कुठे कळते? कोणाचा तरी हुंदका फुटला आणि पडद्यावर तो चेहरा आला. तो मुलगा गडबडून वळायच्या आत दुसऱ्या बेटावर कोणाचा श्वास अडखळला, तिकडचं चित्र आलं. मग तिसरीकडे. ही तिथली माणसं म्हणजे बापाच्या अंत्यविधीलाही डोळ्यांतून टिपूस न काढणारी. त्या दोन मिनिटांत प्रत्येक जण सगळ्यांना दिसला.

शेवटचं चित्र आमच्याच खोलीचं होतं. मी मर्डोकडे बघितलं नाही.

* * *

माझे बाबा पुण्यात वारले तेव्हा मी बेटावरच होते. दादाचा फोन सकाळी आला. वादळामुळे विमान नाही, फेरी नाही. मी तरी बॅग भरून धक्क्यावर जाऊन बसले. जणू मी तिथे बसलेय म्हणून फेरी येणार होती.

थोड्या वेळानं मर्डो आला. हातात थर्मास. शेजारी बसला, मला चहा ओतून दिला.

मी म्हटलं, "दादा म्हणतोय, माझ्यासाठी थांबतील. मीच सांगितलं, थांबू नका."

मर्डो म्हणाला, "बरोबर केलंस. मी वडलांच्या अंत्यविधीला पोचलो नाही. आईच्याही नाही. बेटावरून कोणीच वेळेवर पोचत नाही, मेडा."

माझं नाव त्याला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. पण त्या दिवशी तशी हाक मारणारंही दुसरं कोणी नव्हतं.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

जीनआजींनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घेतला होता समुद्राच्या प्रवाहांवर. नारिंगी रंग दिलेले लाकडी ठोकळे आजी शेजाऱ्याच्या बोटीतून जाऊन एका ठरावीक जागी सोडायच्या आणि ते कुठे किनाऱ्याला लागतात ते बघायच्या. गणिताला मी मदत करायचे. हाच विषय का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

तोंडी परीक्षा व्हिडिओवरच झाली. बाहेरचे परीक्षक एडिनबरोहून जोडलेले. सवय म्हणून सगळा वर्गही आपापल्या बेटावर ऐकायला बसलेला. परीक्षकांनी सगळं तपासलं, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "एकच राहिलं. ठोकळे सोडायला हीच जागा का निवडलीत?"

जीनआजी म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याची बोट तिथे उलटी सापडली होती. लॉब्स्टरचे पिंजरे काढायला गेला होता. तो नाही सापडला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं."

परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "आय ॲम सो सॉरी."

"नाही नाही, झाली त्याला पुष्कळ वर्षं," आजी म्हणाल्या. "त्या वेळी सगळ्या बोटी दक्षिणेला शोधत होत्या. सगळे म्हणाले, प्रवाह दक्षिणेलाच जातो. मीही तिकडच्याच धक्क्यावर उभी राहायचे. पण तो गेला त्या दिवशी होता तसाच वारा असताना सोडलेले माझे ठोकळे दक्षिणेला गेलेच नाहीत. बहुतेक सगळे आमच्या घरामागच्या खडकांत येऊन लागले."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे तो घरापर्यंत आला होता."

पडद्यावर आजींचंच चित्र टिकून राहिलं. शेवटी परीक्षकांनी हळूच सांगितलं, की त्या पास झाल्या आहेत, फार छान काम आहे, आणि कोर्स इथे संपला.

आजींनी मान डोलावली. मग कोटाची बटणं लावता लावता विचारलं, "मग पुढचा तास बुधवारीच ना, नेहमीच्या वेळेला?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी शेजारी बसलेला मर्डो बोलला, "हो, जीन. बुधवारीच."

बुधवारी मी स्टुडिओत पोचले आणि मशीन लावलं, तर बाकीची चारही बेटं आधीच हजर होती. सगळ्यांच्या समोर वह्या उघड्या!