सखारामतात्यांचा अंगठा

सखारामतात्या कोणालाही हात जोडून नमस्कार करीत नसत. समोरून ओळखीचा माणूस आला की दोन्ही हात पाठीमागे नेऊन हनुवटी किंचित वर उचलायची, एवढाच त्यांचा नमस्कार. एखाद्याने सलगीने त्यांच्या हातावर टाळी देण्याचा यत्न केलाच, तर ताटात केस निघावा तसे ते त्या हाताकडे पाहत आणि म्हणत, "आपला हात आपल्यापाशी असू द्या. तेलकट असतो." गिरगावातल्या शिळाछापखान्यात मुद्रिते तपासण्याच्या कामावर मी प्रथम गेलो, तेव्हा मलाही स्वागतादाखल हेच वाक्य मिळाले. त्या दिवशी मला त्यांचा जो तिटकारा आला, तो पुढे पुष्कळ वर्षे मी सांभाळून ठेवला. गेल्या चैत्रात ते गेले. मेलेल्या माणसाविषयी गोड लिहावे असा संकेत आहे आणि मीही तसा निश्चय करून बसलो होतो. पण तात्यांना गोडाचा स्पर्श झालेला चालला नसता.

त्यांच्या या सोवळ्याला कारण नव्हते असे नाही. आमच्या छापखान्यात पोथ्या दगडावरून छापल्या जात. खळ लावलेल्या पिवळसर कागदावर लेखकाने चरबीच्या शाईने बोरूने लिहायचे, आणि ते लिखाण दाबयंत्राखाली ओल्या दगडावर उतरवायचे. मग दगडावरून शाईचा रूळ फिरवला की जेथे चिकटपणा असेल तेथेच शाई धरते. या विद्येत एक मोठे वैगुण्य आहे. हाताला नैसर्गिक तेल असते, आणि कोऱ्या कागदाला चुकून बोट लागले तर कागदावर काहीच दिसत नाही. पण दगडावर मात्र त्या बोटाची वळी न् वळी काळी होऊन उठते. म्हणून लेखक कागदावर आडवी लाकडी पट्टी ठेवतात, तिच्यावर मनगट टेकतात आणि ओळ संपली की पट्टी खाली सरकवतात. तात्यांनी उमेदीची सगळी वर्षे त्या पट्टीच्या धारेवर मनगट रेटून काढली. ते रस्त्याने चालताना उजवा हात उपरण्यात गुंडाळून चालत. लग्नाच्या पंगतीत तूप वाढणारा जवळ आला की त्यांच्या कपाळावर आठ्या चढत, आणि जेवणानंतर शिकेकाईने हात धुण्याचा त्यांचा सोहळा चाले, तोवर बाकीचे लोक विडा खाऊन घरी गेलेले असत.

जगात तात्यांना एकच गोष्ट मान्य होती, ती म्हणजे त्यांचे अक्षर. आणि ते खरोखरच मान्य करण्यासारखे होते, याचा मला अधिक राग येई. शिशाच्या खिळ्यांनी छापलेले पुस्तक कोणी दाखवले तर ते म्हणत, "ही अक्षरे नव्हेत, पलटण आहे. सगळे एका उंचीचे, चेहरा एकालाही नाही." आमच्या मालकांविषयी त्यांचे मत असे होते, की पोथी आणि पापड यांत मालकांना इतकाच भेद कळतो, की पापड भाजावा लागतो. मला ते एकदा म्हणाले, "भाऊराव, तुम्ही दिवसभर चुका शोधता. उकिरड्यावर कोंबडीही तेच करते, पण ती त्याला विद्वत्ता म्हणत नाही." पोथीच्या शेवटी लेखकाने आपले नाव घालण्याची चाल आहे. तात्या ते कधी घालीत नसत. "ज्याला अक्षर ओळखत नाही त्याला नाव सांगून काय उपयोग?" असे ते म्हणत. हा विनय आहे असे समजणाऱ्या एका भाविक गृहस्थाची त्यांनी जी संभावना केली, ती येथे लिहिण्याजोगी नाही.

पुढे त्यांच्या हातातून बोरू गळू लागला. प्रथम त्यांनी बोरूला दोष दिला, मग शाईला, मग समुद्रावरच्या वाऱ्याला. लिहिता लिहिता ते थांबत आणि हात झटकत. काय होते, असे विचारले तर म्हणत, "मुंग्या येतात. छापखान्यात गूळ नाही, तरी येतात." हसण्यासारखे बोलत खरे, पण हात झटकून झाल्यावर ते अंगठ्याकडे पाहत, तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू नसे.

अशातच एका स्तोत्राच्या पानावर अंगठा उठला. ऐन मजकुरात, दोन ओळींच्या मध्ये, काळाकुट्ट. दगड धुऊन पान नवे लिहिले, तर त्यावरही उठला. दगडावर रूळ फिरवण्याचे काम धोंडू करी. तो कोकणातला, लालबागेत भाऊबंदांच्या खोलीत राहणारा, बोलायला तिखट माणूस. तात्यांनी मालकांसमोर ते पान त्याच्या पुढ्यात टाकले.

"हा याचा हात. बांगडे खाऊन येतो आणि माझ्या कागदाला चिकटतो."

"मी कागदाक हात लावूक नाय, तात्यानू," धोंडू म्हणाला. "माझो अंगठो हयसर कशाक येतलो?"

"अंगठा काय आपण होऊन चालत आला?"

मालकांना न्यायाची हौस होती, पण सवड नव्हती. त्यांनी धोंडूला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले आणि ते जेवायला गेले. धोंडू डोक्याचे फडके सोडून पुन्हा बांधू लागला. गावी कोण कोण त्याच्या तोंडाकडे पाहून बसले आहे हे आम्हां सर्वांना ठाऊक होते, आणि तात्या तर शांतपणे नवा बोरू तासायला बसले होते. मी पान हाती घेतले ते चूक शोधण्याच्या माझ्या नेहमीच्या खोडीने. त्या ठशाच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती. बोरू तासताना चाकू निसटून झालेल्या जुन्या जखमेची तशीच रेघ मी रोज समोर बसून पाहत होतो.

"तात्या," मी म्हणालो, "उजवा अंगठा जरा दाखवता?"

त्यांनी अंगठा पाहिला, पान पाहिले आणि चाकू खाली ठेवला. पट्टी सरकवताना तो अंगठा धारेवरून घसरून कागदावर टेकत होता आणि त्यांना त्याचा पत्ताच लागत नव्हता.

"माझाच," ते म्हणाले. मग धोंडूकडे वळून, "तू फडके काय गुंडाळीत बसलास? दगड धू."

एवढीच क्षमायाचना. मालक जेवून आल्यावर मी झाला प्रकार त्यांच्या कानांवर घातला. त्यांनी ढेकर देऊन धोंडूला ठेवून घेतले. तात्या मात्र दुसऱ्या दिवसापासून छापखान्यात आले नाहीत.

काही दिवसांनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीकाकू आमच्या दारी आल्या. "आपले जेवणाचे पान वेगळे मांडायला सांगतात," त्या म्हणाल्या. "पाण्याचा तांब्याही वेगळा. विचारले तर बोलत नाहीत. तुम्ही एकदा येऊन बघा." मी गेलो. तात्या भिंतीशी बसले होते आणि अंगठ्यावर रक्ताचा थेंब होता. "सुई टोचली," ते म्हणाले. "कळली नाही. बधिर कातडीच्या रोगाचे नाव तुम्हांला ठाऊक आहे, भाऊराव. उंबऱ्याबाहेर बसा." महारोगाचे नाव त्यांनी घेतले नाही, ते त्यांच्या राहत्या वाडीने आधीच घेतले होते. विहिरीवर काकूंची कळशी इतर बायका पदर सावरून ओलांडू लागल्या होत्या. ज्या थोर मंडळींच्या देवघरांत तात्यांच्या हातच्या पोथ्या होत्या, त्यांनी त्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या. कोणी डाग द्यायला सांगे, कोणी गोमूत्र. "वाडीत वैद्य पुष्कळ झाले," तात्या म्हणत, "आणि रोगी मी एकटा. प्रमाण बिघडले आहे."

मी त्यांना भाड्याच्या गाडीत घालून सरकारी इस्पितळात नेले. वाटेभर ते गाडीवानाच्या घोड्याला नावे ठेवीत होते, त्यावरून त्यांची भीती मला समजली. तेथल्या तरुण मराठी डॉक्टराने सुई बाजूला ठेवली आणि मनगट चाचपले. आतल्या बाजूस सूज होती. तिच्यावर त्याने बोटाने टिचकी मारली, तसे तात्या दचकले.

"कोठवर गेली कळ?"

"अंगठा आणि शेजारची दोन बोटे. करंगळीत नाही."

"मग हा महारोग नव्हे. मनगटातल्या अरुंद वाटेत गाठ धरली आहे आणि तिने स्पर्शज्ञानाची शीर दाबली आहे. कापून मोकळी करावी लागेल."

तात्यांनी डोळे मिटले. वेगळ्या तांब्याचा प्रश्न त्या क्षणी सुटला होता, पण ते तिकडे पाहतही नव्हते. "कापल्यावर लिहिता येईल?" त्यांनी विचारले.

"जेवता येईल, इतके सांगतो."

"जेवता तर आमच्या मालकांनाही येते," तात्या म्हणाले.

भूल देऊन साहेब डॉक्टराने मनगट उघडले. नंतर त्या तरुण डॉक्टराने आम्हांला एका बशीत आतून निघालेले दाणे दाखवले. पांढरे, गुळगुळीत, हुबेहूब शिजलेल्या तांदळासारखे. असे कधी कधी निघतात, असे तो म्हणाला. भुलीतून नुकत्याच सावध झालेल्या तात्यांनी बशीकडे पाहिले. "शिते," ते क्षीण आवाजात म्हणाले. "देवाने हातावर अन्न ठेवले ते शेवटी आतल्या बाजूने. त्याचेही काम आमच्या मालकांसारखेच." वाडीत ही वार्ता पोहोचली तेव्हा, पंगतीत भात टाकून उठणाऱ्याला असेच व्हायचे, असा निवाडा तेथल्या विद्वानांनी दिला. महारोग नाही हे कळल्याने त्यांची जरा निराशाच झाली होती.

मग हात फळीला बांधला गेला. ज्या माणसाने जन्मभर मनगटाखाली पट्टी घेतली, त्याच्या मनगटाला आता पट्टीच जखडली, आणि तात्यांनी तिलाही नावे ठेवली: रंधा नीट मारलेला नाही. जखम भरली, पण बोटे लाकडासारखी ताठ राहिली. डॉक्टराने सांगितले, रोज सकाळ-संध्याकाळ तेल लावून चोळा, बोटे वाकवा, कणीक तिंबा. तात्यांनी "तेल" हा शब्द पुन्हा उच्चारायला लावला. घरी काकूंनी खोबरेलाची वाटी आणली की ते हात मागे घेत. तेल मुरलेल्या हाताने पुन्हा कागदाशी बसता येणार नाही, आणि तेलावाचून बोटे बोरूवर मिटणार नाहीत, अशा पेचात तो माणूस बसला होता, आणि त्यावर कोणाचे सांत्वन ऐकून घ्यायलाही तयार नव्हता.

हा पेच धोंडूने सोडवला. तो आला तो काही दयेने आला नव्हता. फजिती पाहायला आला होता आणि ते त्याने लपवलेही नाही. काम सुटले की लालबागेकडे वळण्याआधी तो तात्यांच्या घरी येई, उंबऱ्याशी बसे, आणि काकूंच्या हातची वाटी घेऊन सरळ तात्यांचा पंजा धरी.

"आता कसो बरो तेलकट झालो," तो अंगठा चोळीत म्हणे. "उद्या मालकांका सांगूक व्हया, ह्या माणसाक कागदाजवळ सोडू नका."

"तुझ्या हाताला शाईची घाण येते."

"आणि तुमच्या जिभेक कसली येता, तात्यानू?"

असे त्या दोघांचे चाले. मी कोपऱ्यात बसून ऐके आणि मनात म्हणे, यांच्यापैकी एकालाही दुसऱ्याविषयी प्रेम नाही. मी प्रेम म्हणून जे ओळखतो ते बहुतेक वेळा मऊ बोलणेच असते, हे मात्र मला तेव्हा सुचले नाही. एका संध्याकाळी बोलणे मध्येच थांबले. तात्या डोळे मिटून बसले होते.

"तुझे बोट खरखरीत आहे," ते म्हणाले.

धोंडूचा हात जागच्या जागी राहिला. "कळला?"

"कळले. दगड घासणाऱ्याचे बोट आहे." मग थोड्या वेळाने, "थांबलास का? चोळ."

तात्या छापखान्यात परतले तेव्हा मालकांनी खिळ्यांच्या पेट्या मांडल्या होत्या. दगडावरची एकच पोथी उरली होती आणि ती त्यांनी तात्यांना दिली. उपकार म्हणून नव्हे, तिची पाने खिळ्यांनी जुळवायला अवघड होती म्हणून. तात्यांनी पुन्हा शिकेकाई सुरू केली. बोरू धरताना बोटे हळूहळू मिटत. अक्षर पूर्वीचे राहिले नव्हते. लांब काना खाली येता येता किंचित डगमगे. पहिले पान मी खुणेवाचून परत दिले.

"चौथ्या ओळीतला काना वाकडा आहे," ते म्हणाले. "दिसला नाही, की तुम्ही दयाळू झालात?"

"दिसला."

"मग खूण करा. दया तेलाहून वाईट. ती धुऊनही निघत नाही."

मी खूण केली. त्यांनी सबंध पान पुन्हा लिहिले. माझ्या तिरस्काराहून माझी दया त्यांना अधिक झोंबली होती, हे मला अजून टोचते. आणि टोचते म्हणजे तेथे कातडी जिवंत आहे, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालतो.

शेवटचे पान दगडावर उतरले त्या दिवशी मी जवळ उभा होतो. धोंडूने ओल्या दगडावर रूळ फिरवला. फलश्रुती उठली, तिच्याखालची वेल उठली, आणि खाली, लेखकाचे नाव असते त्या कोऱ्या जागेत, सावकाश एक अंगठा काळा झाला. स्वच्छ, सरळ, मधोमध आडव्या रेघेचा. धोंडूने माझ्याकडे पाहिले, मग तात्यांकडे. त्याने ठसा घासून काढायचा खडा हातात घेतला.

"पुसू काय, तात्यानू?"

"राहू दे," तात्या म्हणाले. "या खेपेस कळून टेकवला आहे."

धोंडूने खडा ठेवून दिला. तो दात काढून हसत दगडावर वाकला होता.

"आणि जरा मागे सरक," तात्या म्हणाले. "तुझा श्वास तेलकट आहे."