सोनोग्राफीच्या दिवशीची मावशी
सुक्या जवळ्याचा वास आला की मला ठाण्यातली ती सोनोग्राफीची खोली आठवते. मला पाचवा महिना होता आणि सकाळपासून उजव्या कुशीत अशी कळ येत होती की सरळ उभं राहवत नव्हतं. कळव्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अपेंडिक्स असेल तर ऑपरेशन, मग बाळाचं सांगता येत नाही. आमचे हे वागळे इस्टेटला कामावर गेलेले, आणि नवीन लग्न होऊन आलेली मी इथं कुणालाच ओळखत नव्हते. पोटभर पाणी पिऊन मी बाकावर ओठ दाबून बसले होते. शेजारी एक कोळीण आपल्या तपासणीच्या कागदाची वाट बघत होती, सुक्या जवळ्याचा वास येणारी रिकामी पाटी पायाशी ठेवून. आतून डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" मी कूस धरून बाकावरून उठायला लागले. "मी हाय ना, मावशी हाय तिची," म्हणत ती उठली आणि माझ्याबरोबर आत आली. पोटावर ते गार यंत्र फिरत होतं तेव्हा तिनं माझा हात धरला होता. "किडनीत बारीक खडा आहे, ऑपरेशन नको. बाळ छान आहे," डॉक्टर म्हणाले. "मंग आदी बालाचा सांगावा ना, डाक्टर!" ती म्हणाली. बाहेर येताच तिनं आपला कागद घेतला, पाटी उचलली आणि गेली. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "सोबत कोण होतं?" मी म्हटलं, "मावशी." मला मावशी नाही हे ह्यांना माहीत होतं. आजही दवाखान्यात कुणी सोबतीचं विचारलं की माझी नजर आधी बाकाकडे जाते.