तक्त्यावर नसलेला चेहरा

“हात नुसता ठिवायचा, म्याडम. धरायचा न्हाई.”

असं म्हणून ती अंगणवाडीताई गप्प बसलेल्या मुलाशेजारी फरशीवर मांडी घालायची आणि आपला डावा हात उताणा करून त्याच्या गुडघ्याजवळ ठेवायची. बोलायची नाही. उजव्या हाताने मटकी निवडत राहायची. मुलाला वाटलं तर त्याने हात धरावा, नाही तर राहू द्यावा.

मी तिला शिकवायला जायचे, हे सांगताना आता लाज वाटते. लहान मुलांचं मन कसं सांभाळावं, याचं प्रशिक्षण अंगणवाडीताईंना द्यायला मी साताऱ्याहून माण तालुक्यात जात असे. दहिवडीच्या पहिल्याच वर्गात मी चेहऱ्यांचा तक्ता लावला. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. शेवटच्या रांगेतून तिने हात वर केला.

“म्याडम, ह्यात गप पोरगं कुठलं?”

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले आणि ‘ते नंतर बघू’ म्हणत पुढे सरकले. ते नंतर काही आलं नाही.

तुम्हीही पाहिलं असेल, न रडणाऱ्या मुलाचं आपल्याकडे केवढं कौतुक असतं! तिच्या अंगणवाडीत चार वर्षांची एक मुलगी होती. आईवडील कामासाठी मुंबईला गेले, जाताना तान्ह्या भावाला घेऊन गेले आणि हिला आजीपाशी ठेवलं. आजी अभिमानाने सांगायची, “लय गुणाची हाय. आय गेली तरी डोळ्यातनं टिपूस न्हाई.”

ती अंगणवाडीताई मला बाजूला घेऊन म्हणाली, “हितंच घोळ हाय, म्याडम. बोंबलणाऱ्याकडं समदी पळत्यात. गप पोरगं आदी बगाय पायजे.”

दीड महिना ती त्या मुलीशेजारी रोज हात ठेवत होती. मग एका दुपारी तिचा फोन आला.

“म्याडम, रडली वं! लय रडली!”

आवाज असा, की पोरगी शाळेत पहिली आली असावी. “माजा हात धरला आन् आय आय करून रडली. पदर शेंबडानं भरिवला बगा माजा.” आम्ही दोघी फोनवर वेड्यासारख्या हसलो. माझा तिच्यावर फार जीव जडला होता.

आणि तरीही मी चुकले. शिकवणाऱ्या बाईने करू नये अशीच चूक केली. पुढच्या वर्षी ती ताई स्वतःच बारीक दिसायला लागली. वर्गात पोटाशी पिशवी धरून बसायची. मी जाता जाता विचारायचे, “कशा आहात, ताई?” ती म्हणायची, “बरं हाय.” मी भेटीच्या वहीत लिहिलं, ‘सेविका शांत, समाधानी. तक्रार नाही.’ इतकंच नाही, कुरकुर करणाऱ्या इतर जणींना मी तिचं उदाहरण दिलं. यांच्याकडे बघा, म्हटलं. ती खाली मान घालून बसली होती.

तिला साताऱ्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा पोटातली गाठ फार वाढली होती. मी धावत गेले. स्टूल ओढून बसले आणि माझा हात उताणा करून तिच्या चादरीवर ठेवला.

तिने तो लगेच धरला.

“शिकलासा की, म्याडम,” ती हसली. हसता हसता रडायला लागली. “पोट लय दुकायचं वं.”

“ताई, मला आधी का नाही सांगितलंत?”

“कवा सांगू? कशी हाय म्हणून इचारायचासा, आन् उत्तर यायच्या आदी म्होरं जायाचासा.”

तक्रारीच्या सुरात नाही, मुलांना समजावतात तसं ती बोलली. आठवड्याने ती गेली.

महिन्याभराने मी त्या अंगणवाडीत गेले. नवीन सेविका हौसेने म्हणाली, “समदी पोरं गुणाची हायत, म्याडम. कोण रडत न्हाई.” भिंतीवर माझाच तक्ता होता. चार चेहऱ्यांच्या शेजारी गेलेल्या ताईने कधीतरी पेनाने पाचवा काढला होता. नुसता गोल, दोन डोळे, आणि तोंडाच्या जागी काहीच नाही.

मी खिडकीखाली फरशीवर बसले. नवीन सेविकेने विचारलं, “बरं हाय न्हवं, म्याडम?”

“बरं आहे,” मी म्हटलं.

आजीपाशी ठेवलेली ती मुलगी कोपऱ्यात ठोकळे रचत होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठली, माझ्याशेजारी येऊन मांडी घातली आणि आपला इवलासा हात उताणा करून माझ्या गुडघ्याजवळ ठेवला. दुसऱ्या हाताने ठोकळे रचत राहिली.

मी तो धरला.